पाव्हणे कोणत्या भागातले?

सिनेमातलं जनावर पडद्यावर आलं की बाकीचे लोक घाबरायचे, नाहीतर हसायचे. आमची मंडळी त्याचं तोंड उघडायची वाट बघायची. त्यानं डरकाळी फोडली की ही खाटेवरून पुढं सरकायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "सुळा मोडेल हाये. म्हंजे हा नंतरचा भाग." मग पाठ भिंतीला टेकवून निवांत बसायची. पुढं त्या जनावरानं अख्खं शहर पाडलं तरी तिला त्याचं काही नव्हतं. हे कधीचं आहे ते कळलं, की तिचं काम झालं.

तिचं नाव गिरजा. पण जालन्यात मस्तगडच्या आमच्या गल्लीत तिला भागाबाई म्हणायचे. नवीन भाडेकरूंना ते तिचं खरं नाव वाटायचं. एवढ्या साध्या बाईला लोक पाठीमागं हसायचे, मला माहीत आहे. पण रविवारी दुपारी सिनेमा लागला आणि कोणाला काही उमगलं नाही, की तेच लोक दारात येऊन विचारायचे, "भागाबाई, हा कितवा?" ही म्हणायची, "कितवा ते टीव्हीवाल्याला इचारा. मी कधीचा ते सांगते."

ते सिनेमे इंग्रजी, हिंदीत बोलायला लावलेले. समुद्राच्या तळातून एक जनावर वर येतं, डोंगराएवढं, आणि माणसांची दैना करतं. त्याचे पाच-सहा सिनेमे. ज्यांनी काढले त्यांनी आधी मधलं काढलं, मग शेवट काढला, मग म्हातारपणी आठवण यावी तशी सुरुवात काढली. टीव्हीवाले त्यावर कडी करायचे. त्यांच्या हाताला जो लागेल तो लावायचे. त्यात एक डाक्टरीणबाई होती, जनावराचा अभ्यास करणारी. एका रविवारी तिचे केस पांढरे, पुढच्या रविवारी काळे. मला वाटायचं कलप लावला. गिरजा म्हणायची, "कलप न्हाई. वय न्हाई झालं अजून तिचं."

ही दाताची खोड तिला माझ्यामुळं लागली. मी चौथी शिकलेला माणूस. जाफराबादकडच्या बाजारांत जन्मभर बैलांची दलाली केली. बैलाचं वय त्याच्या तोंडात असतं. आदत म्हणजे दुधाच्या दातांचा, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग सगळे दात आले की जुळला. मालक खोटं बोलतो, शिंग खोटं बोलतं, रंग तर बोलतोच. दात खोटं बोलत नाही. एका रविवारी मी सहज बोललो, "हे त्या दिवशीचं जनावर न्हाई. त्याचा डावा सुळा मोडेल होता. ह्याचे सगळे शाबूत हायेत. जनावर बदललं यांनी."

ती माझ्याकडं बघायला लागली. म्हणाली, "तुम्हाला सगळीकडं बदललेलंच जनावर दिसतं. दलाल ना. आवो, तेच हाये ते. आधीचं हाये."

"आधीचं कसं? ते मागच्या रविवारी दाखवलं, हे आज दाखवून राह्यले."

"मागं दाखवलं म्हणून मागं घडलं का?"

बाजारात मी जनावराचं वय सांगायचो, पण ते पुढं चालणाऱ्या जनावराचं. वय कमी होऊन जनावर परत दारात येतं, हे मी कधी बघितलं नव्हतं.

तिच्या खुणा घरातल्या बाईच्या होत्या. डाक्टरीणबाईच्या कानात काही नाही, म्हणजे नवरा गेल्यानंतरचं. पोट दिसतंय, म्हणजे पोरगा व्हायचा आहे. फोनला वायर आहे, म्हणजे लई जुनं. पण या सगळ्या खुणांवर दाताची खूण मोठी, कारण सुळा कधी मोडला ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. लोखंडी पुलावर. जनावरानं पूल चावला, सुळा मोडला, पूल पडला, आणि डाक्टरीणबाईचा चष्मेवाला नवरा त्या पुलाबरोबर खाली गेला. एकाच ठोक्यात दोन गोष्टी. म्हणून गिरजा म्हणायची, सुळा शाबूत तर नवरा जिवंत, सुळा मोडला तर बाई एकटी.

माझी मुलगी सुमन वरच्या मजल्यावर राहते. तिनं एकदा मोबाईल काढला. "आई, मी बघून सांगते ना, कोणता कुठं बसतो ते. इथं हजारो लोक याच्यावरून भांडून राह्यले."

"भांडतात?"

"शिव्या देतात एकमेकांना."

"मंग बराबर हाये," गिरजा म्हणाली. "घर हाये म्हणल्यावर भांडण आलंच. पण मला लोकांचं ऐकायचं न्हाई. त्या जनावरानं तोंड उघडून सांगितलं पाहिजे."

एका भागात एक यंत्र होतं. त्यात बसून लोक मागच्या काळात जायचे आणि मागच्या माणसाला पुढं घेऊन यायचे. मी म्हणालो, आता तुझं सगळं गणित कोलमडलं, आता कोण कधीचा याला काही अर्थ राहिला नाही. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जाफराबादची जीप राजूरहून मागं फिरली, तर राजूर मागं जातं का? राजूर हाये तिथंच हाये. गणपतीबी तिथंच हाये. जीप फिरली. माणूस मागं गेला तर गेला. झालेलं जाग्यावर ऱ्हातं."

झालेलं जाग्यावर राहतं. हे वाक्य पुढं मला फार दिवस वागवावं लागणार होतं. तेव्हा मी नुसतं तंबाखू मळत बसलो होतो.

एक भाग मात्र तिला बसवता आला नाही. आम्ही त्याला पाण्याचा भाग म्हणायचो. त्यात डाक्टरीणबाई आणि चष्मेवाला एका बोटीवर असतात. ती मासा भाजते, तो पाव फोडतो, दोघं एका ताटलीत जेवतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हणालो, "अगं, हा तर पुलावर मेला. मेलेला माणूस जेवून राह्यला."

"मेला न्हाई. मरायचाय अजून. हा आधीचा भाग हाये. जेवू द्या त्याला."

"आन् यंत्रानं आणलेला असंल तर? मेल्यावर?"

तिचा चेहरा पडला. यंत्राचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आधीचा भाग असेल तर हा तिचा खरा नवरा, खरं जेवण. यंत्रानं आणलेला असेल तर हे सगळं मरणानंतरचं, उसनं. ठरवायचं दातानं. पण त्या भागात जनावर सगळा वेळ पाण्याखाली. पाणी फुगतं, बोट हलते, तोंड काही दिसत नाही. ते शेवटी उघडणार हे कोणीही सांगेल. आणि शेवट आला की आमची लाईट जायची. एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्यांदा लाईट होती तर तिची बहीण आली रडत. त्यानंतर तो भाग लागलाच नाही, किंवा लागला तेव्हा आम्ही घरी नव्हतो. ती म्हणायची, "अंदाजानं म्हणते मी, आधीचाच हाये. पण दात दिसल्याबिगर पक्कं न्हाई."

जिनं सगळ्या जगाचं आधी-नंतर लावून ठेवलं होतं, तिचंच आधी-नंतर सुटायला लागलं. सुरुवातीला चहात दोनदा साखर. मग दुपारी दिवा लावायची. मग एका संध्याकाळी मालगाडी गेली, फळीवरचा स्टीलचा पेला थरथरला, आणि ती मला हळूच म्हणाली, "येऊन राह्यलं ते. पाय वाजला." सिनेमात जनावर यायच्या आधी पेला असाच थरथरतो. मी म्हणालो, मालगाडी आहे. ती म्हणाली, "तुम्हाला न्हाई कळत. दाराला कडी लावा." मी कडी लावली. ती पेल्याकडं बघत बसली आणि मी तिच्याकडं. घरात काहीतरी शिरलं आहे हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. ते लक्षात ठेवून मला काय करायचं होतं. म्हणाले, आत्ताचं आधी जाईल, जुनं शेवटी जाईल.

ती आईला हाका मारायला लागली. तिची आई जाऊन जमाना झाला. गावाकडची एक चुलत जाऊ भेटायला आली होती, ती पटकन बोलून गेली, "अगं गिरजे, तुझी आई कवाच गेली की." गिरजानं हंबरडा फोडला. आत्ताच मेल्यासारखा. चुलत जाऊ गांगरली. मी गिरजाजवळ बसलो आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "मेली न्हाई. हा आधीचा भाग हाये."

ती थांबली. डोळे पुसले. "मंग कुठं हाये?"

"शेतात गेली. येईल दिवस मावळता."

"जेवली का?"

"जेवली."

त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी मेलं नाही. माझा बाप, तिचा भाऊ, आमचा तांबडा बैल, सगळे कुठं ना कुठं गेलेले असायचे आणि दिवस मावळता येणार असायचे. सुमनला आधी हे पटलं नाही. म्हणाली, "अण्णा, खोटं किती बोलायचं?" मी म्हणालो, "खोटं न्हाई. भाग वेगळा हाये."

पण या सगळ्या भागांत एकच माणूस सापडत नव्हता. तो म्हणजे मी.

माझे दात सगळे गेलेत. कवळी आहे, पांढरीशुभ्र. एका सकाळी कवळी लावून मी तिच्यापुढं चहा घेऊन गेलो तर तिनं डोक्यावर पदर ओढला. मान खाली. सुमनला हळूच म्हणाली, "पाव्हणे कोणत्या भागातले?"

आमच्याकडं परक्या माणसाला असंच विचारतात. कोणत्या भागातले, म्हणजे कोणत्या मुलखाचे. पण तिच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मी चहाची बशी खाली ठेवली.

"जाफराबादकडचा," मी म्हणालो.

"तिकडं पाणी कसं हाये?"

"बरं हाये."

"मुलाला काही नाद?"

"तंबाखू."

"सोडा म्हणावं," ती सुमनला म्हणाली.

सुमन हसता हसता तोंड फिरवून गेली. मला उमगायला दुपार झाली. अख्खे दात असलेला मी तिला फक्त सुरुवातीला दिसलो होतो, तिला बघायला गेलो होतो तेव्हा, आणि पुढं लग्नानंतरचे थोडे दिवस. मग बाजारात एका खोंडाचं तोंड उघडून दात बघत होतो, त्यानं मान झटकली, शिंग माझ्या तोंडावर बसलं, समोरचा दात अर्धा गेला. पुढचा सगळा संसार मी त्या अर्ध्या दातानं केला. ती बराबर हिशोबात होती. दात शाबूत, म्हणजे आधीचा भाग. म्हणजे हा बघायला आलेला पाव्हणा.

मी कवळी काढून गेलो, तर त्या बोळक्याला तिनं ओळखलंच नाही. म्हातारं कोणी दारी आलंय म्हणून वाटीत दूध-भाकरी कुस्करून दिली. "आबा, तुम्हाला कोणी न्हाई का?"

"हाये."

"मंग बघत न्हाई का तुम्हाला?"

"बघते," मी म्हणालो. "ओळखत न्हाई."

"कलियुग हाये आबा," ती म्हणाली, आणि वाटीत अजून दूध ओतलं.

आणि दिवस मावळला की ती दारात जाऊन उभी राहायची. "ते आले न्हाईत अजून बाजारातून." मी मागं उभा. "येतील," मी म्हणायचो. ती माझ्याकडं परक्यासारखं बघायची आणि म्हणायची, "तुम्ही जा आबा घरी. आमचे मालक आल्याबिगर मला जेवण जात न्हाई." आणि खरंच जेवायची नाही. ताट झाकून ठेवायची. सुमन भरवायला गेली तर हात झटकायची. हाडं दिसायला लागली तिची. माझी बायको माझी वाट बघत उपाशी मरत होती आणि मी तिच्यापुढं बसलो होतो. कधी दातांचा, कधी बिनदातांचा. तिला पाहिजे तो नाही.

शेवटी मी कवळीवाल्याकडं गेलो. जुन्या जालन्यात त्याचं छोटं दुकान आहे, लहानपणापासून दातांतच वाढलेला माणूस. मी कवळी काढून त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, समोरचा हा दात अर्धा तोडून दे. असा, तिरपा.

त्यानं कवळी पाहिली, मला पाहिलं. "चाचा, लोगां टूटेला दात जोडके मंगते. तुम जोडेला तोडके मंगते? चाची मारेंगी तुमकू."

"चाचीसाठीच पाहिजे," मी म्हणालो, आणि त्याला सांगितलं. त्यानं हसणं थांबवलं. मला कागदावर दात काढून दाखवायला लावला, किती तिरपा, किती उरला. चाकावर घासून घासून तसा केला. दोनदा माझ्या तोंडात बसवून बघितला. आरसा पुढं केला. मी बघितलं आणि मला थोडं भ्याव वाटलं. आरशात म्हातारा होता, पण दात खोंडानं तोडला त्याच दिवशीचा होता.

दिवस मावळताना मी गल्लीच्या तोंडाला जाऊन थांबलो, आणि बाजारातून यावं तसा घराकडं चालत आलो. ती दारात उभी. मी जवळ गेलो. तोंड उघडलं.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. डोळे बारीक केले, सिनेमात करायची तसे. मग एक पायरी खाली उतरली.

"केवढा उशीर आवो," ती म्हणाली. "आन् हे काय करून आले? बघू."

"खोंडानं मान झटकली."

तिनं पदराचं टोक माझ्या ओठाला लावलं. रक्त नव्हतं, तरी पुसलं. आणि म्हणाली, "दुसऱ्याचे दात मोजायला गेले आन् आपला ठेवून आले."

हेच वाक्य. तेव्हा हेच बोलली होती, याच सुरात, नवी नवरी होती तरी. पुढं जन्मभर पाव्हण्यारावळ्यांत ते सांगून मला हसवत आली. आता ते परत पहिल्यांदा बोलली. मला चुलीपुढं बसवलं, म्हणजे गॅसपुढं. हळद आणि लवंग आणून त्या प्लास्टिकच्या दातावर दाबली. मग झाकलेलं ताट उघडलं आणि माझ्याबरोबर जेवली.

त्यानंतर रोज संध्याकाळी माझा दात नव्यानं तुटायचा. मी गल्लीच्या तोंडाला जायचो, परत यायचो, ती दारात भेटायची. केवढा उशीर. बघू. लवंग. जेवण. शेजारच्यांना वाटलं म्हाताराही गेला कामातून. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. ती जेवत होती.

नंतर तिचं बोलणं थांबलं. उभं राहणंही थांबलं. ती खाटेवर आणि मी दारातून आत यायचो, तेव्हा तिचं एक बोट वर उचललं जायचं, माझ्या ओठाच्या दिशेनं. एवढंच उरलं होतं. एका दुपारी तेही नाही उचललं. मी बाहेर जाऊन परत आलो, दारातून, नीट, तोंड उघडून. नाही उचललं.

आता सुमन म्हणते, "अण्णा, नवी कवळी करून घ्या. लोक हसतात." मी म्हणतो, हसू दे. बदललेलं जनावर मी आयुष्यात कोणाच्या गळ्यात मारलं नाही, आता स्वतः कशाला बदलू. दिवस मावळला की मी अजून गल्लीच्या तोंडाला जातो आणि परत येतो. दारात कोणी नसतं, तरी पायरीपाशी तोंड आपोआप उघडतं. आणि ती मला कधीच क्रमानं आठवत नाही. सकाळी हाडं दिसणारी, दुपारी तांदूळ निवडणारी, रात्री नवी नवरी. कोणता भाग कधी लागेल ते माझ्या हातात नाही.

मागच्या रविवारी पाण्याचा भाग लागला. मी बंद करणार होतो. पण बोट दिसली, डाक्टरीणबाईनं मासा भाजायला घेतला, आणि मी बसून राहिलो. चष्मेवाल्यानं पाव फोडला. वर पंखा चालू होता, लाईट काही गेली नाही. फळीवरचा पेला थरथरायला लागला, मालगाडी होती की ते होतं मला माहीत नाही. पाणी फुगलं. आणि मागून, खाटेवरून, कोणीतरी पुढं सरकल्याचा आवाज झाला. खाटेचा सुंभ कुरकुरतो, तसा.

मी मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर खाट रिकामी दिसली असती.

जनावर वर आलं. तोंड उघडलं. मी बाजारातल्यासारखं वाकून, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बघितलं. डावा सुळा शाबूत होता. टोकापर्यंत.

"आधीचाच हाये गं," मी मागं न बघता म्हणालो. "पक्कं झालं. जेवू दे त्यांना."